धाकटा कुणाच्या ओटीत

“ह्यातली चार दुपटी आणि ती पिवळी कुंची बाजूला काढ,” आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. “हौसाबरोबर जायची हाईत.”

मी दोरीवरचे कपडे काढत होते. जुळी असलेल्या घरात दोरी कधी रिकामी नसते. मला वाटलं, आमच्या हौसाक्का गावी परत निघाल्यात, तर तिकडच्या कुणा बाळंतिणीला द्यायला आत्याबाई जुने कपडे मागत असतील.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“धाकट्यासाठी की.” त्या हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुला सदानं सांगितलं न्हाई व्हय? उद्या बारशाला पाळणा झाला की धाकट्याला हौसाच्या ओटीत घालायचं. केरबाचं आणि त्याचं बोलणं झालंय.”

कुंची माझ्या हातात तशीच राहिली. आत दोघं एकमेकांच्या पायाला पाय लावून झोपले होते. आत्याबाईंनी डाळीतला एक खडा काढला, दाराबाहेर फेकला आणि पुन्हा सूप ओढलं.

तीस वर्षं होऊन गेली त्याला. इचलकरंजीत एका मागाच्या शेडमागं आमच्या दोन खोल्या होत्या. माझा नवरा सदाशिव त्याच शेडमध्ये माग चालवायचा, आणि भिंतीपलीकडं सारखी खटाखट चालू असायची. मोठी उज्ज्वला तेव्हा पहिलीत होती, धनाजी साडेतीन वर्षांचा, आणि त्यांच्या पाठीवर ही जुळी. मागाच्या आवाजात दोघं गाढ झोपायची. वीज जाऊन माग थांबले, की त्या शांततेलाच दचकून टाहो फोडायची. शेजारणी म्हणायच्या, लाईट गेलेली आम्हाला तुझ्या पोरांवरनं कळते.

हौसाक्का माझी थोरली जाऊ. मोठे दीर, केरबाभावजी, यांची बायको. त्यांचं घर आजऱ्याकडच्या डोंगराला, थोडी भातशेती. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं. मला सातवा लागला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुळं आहे, पडून राहा. त्याच आठवड्यात ही बाई एक पिशवी घेऊन दारात उभी. कुणी बोलावलं नव्हतं.

“पोरांचं मी बघते,” ती म्हणाली. “तू हालू नको.”

आणि खरंच तिनं मला हलू दिलं नाही. उज्ज्वलाच्या वेण्या घालता घालता ती तिला पाढे म्हणायला लावायची. स्वतःला पाढे यायचे नाहीत, पण पोरगी चुकली की सुरावरनं ओळखायची. “परत म्हण. तिथं अडखळलीस.” जुळी घरी आली तेव्हा धनाजीनं मलाही पाळणा पाहिजे म्हणून जमिनीवर लोळण घेतली. आम्ही सगळे त्याला रागावलो. हौसाक्कानं जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि त्याला सांगितलं, “रोज जेवण झालं की एकदा बाळ व्हायचं. पण उतरल्यावर दादा.” तो झोळीत पडून अंगठा चोखायचा, नि उतरला की खरोखर दादासारखा चालायचा.

धाकटा जन्मला तेव्हा दोन मुठींएवढा होता. पुष्कळ दिवस त्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. घरी सोडताना नर्सबाई म्हणाल्या, ऊब कमी पडू देऊ नका, अंगाशी अंग लावून धरा. मी थोरल्याला पाजत असायचे, आणि धाकटा हौसाक्काच्या पदराआड, छातीला चिकटलेला. ती तशीच भाजी निवडायची, तशीच बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. त्याला ओढून प्यायची ताकद नव्हती. मी काढून दिलेलं दूध ती बोंडल्यानं थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडायची. घोट गिळला की त्याच्या गळ्याची बारीकशी हालचाल व्हायची, ती दिसेपर्यंत पुढचा थेंब सोडायची नाही. घाई म्हणून करायची नाही. शेजारच्या बायका हळूच म्हणायच्या, हे काही राहायचं नाही. तीन महिन्यांनी त्याच्या मनगटाला वळी पडली, तेव्हा हौसाक्कानं त्यांना हाका मारून ती वळी दाखवली.

पोर जगलं, आता बारसं करू, असं ठरलं. आणि आता हे.

राग कुणाचा करावा तेच मला कळेना. दुसरी कुणी मागणारी असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या.

मी थेट शेडमध्ये गेले. मागाच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरनं ओळखतात, आणि एवढ्या वर्षांत मलाही ते जमत होतं. सदाशिव दोन मागांच्या मधल्या बोळात उभे होते.

‘धाकट्याला देताय?’ मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

ते इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याकडं बघत राहिले.

‘मला का नाही सांगितलं?’

त्यांनी माग बंद केला, बाजूच्या माणसाला खूण केली आणि माझ्यामागं बाहेर आले. पायरीवर बसले. पापण्यांवर, मिशीवर कापसाची धूळ बसली होती.

“दादानं मागितलं,” ते म्हणाले. “आमचा बा गेला तवा मी धनाएवढा हुतो. दादानं शाळा सोडली आणि मला घातली. वड्याला पाणी आलं की खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचा. आजपतोर कधी एक गोष्ट मागितली न्हाई त्यानं.”

“ही गोष्ट हाय व्हय?”

“ठाऊक हाय गं मला.”

“मग न्हाई म्हणा.”

“न्हाई म्हणवत न्हाई, शालन.” त्यांनी तोंड बाजूला वळवलं. “आणि आईचं दुसरंच चाललंय. पोर न्हाई दिलं तर दादाचं दुसरं लगीन लावायचं म्हणती. पोरगीबी बघून ठेवलीया. मग वहिनीनं कुठं जायचं?”

मी तिथंच उभी राहिले. इतका वेळ मला वाटत होतं, मी नाही म्हटलं तर घर दुखावेल, भावजी बोलायचे बंद होतील. तेवढं मी सोसलं असतं. पण माझ्या नाही म्हणण्यानं हौसाक्काच्या घरात सवत यायची होती. ज्या बाईनं माझं पोर छातीला बांधून जगवलं, तिच्या.

“त्यांना ठाऊक आहे का हे?” मी विचारलं.

“दादानं सांगितलं असंल की,” ते म्हणाले, आणि उठून आत गेले. माग पुन्हा सुरू झाला.

बारशाच्या सकाळी हौसाक्का न्हाणीत पाटावर पाय पसरून बसली होती. पायांवर धाकटा पालथा. मी गडूनं पाणी ओतत होते. रोज आम्ही दोघीच असायचो तिथं, आणि रोज काहीतरी बोलून हसायचो. त्या दिवशी मी नुसतं पाणी ओतत राहिले.

“हळू ओत. कानात जाईल,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “काल सांजंपासनं दूध कमी आलंय तुला. काय झालंय?”

“आत्याबाईंनी दुपटी काढायला सांगितली.”

“कसली दुपटी?”

“धाकट्याची. तुमच्याबरोबर न्यायला.”

त्याच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं, हिला यातलं काहीच माहीत नाही.

मी सगळं सांगितलं. पाळणा, ओटी, भावजींचं मागणं. बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, ते मला बघवेना. दिवसभर उपाशी असलेल्या माणसापुढं कुणी भरलं ताट सरकवावं, तसं. तिनं त्याला उलटा केला, वर उचलला, त्याच्या ओल्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून घेतले. किती तरी वेळ. पाणी तिच्या कोपरांवरून निथळत होतं.

मी मनात म्हटलं, झालं. गेला माझा धाकटा.

“आणि न्हाई दिलं तर आत्याबाई भावजींचं…” मला पुढं बोलवेना.

“ते हाय ठाऊक,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “ती पोरगी माझ्या मावशीच्या गावची हाय.” मग डोळे उघडून तिनं विचारलं, “तुला इचारलं कुणी?”

“न्हाई.”

तिनं त्याला पुन्हा पायांवर घेतलं. “पंचा दे,” म्हणाली, “गारठलं बाळ.”

भावजी नऊच्या गाडीनं आले. नवी टोपी, खांद्यावर तांदळाचं पोतं. माणूस वाईट नव्हता हो. आल्या आल्या धनाजीला मांडीवर घेऊन बसले, खिशातून त्याच्यासाठी लाकडाचा बैल काढला. घरच्या फणसाच्या लाकडातला, स्वतः कोरलेला. जुळी झोपली होती त्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि आत न जाता नुसते डोकावून परत आले. टोपी काढली, घातली. मी पाणी दिलं, तर माझ्या नजरेला नजर देईनात.

मागांना सुट्टी होती, म्हणून तो वार धरला होता. गल्लीतल्या बाया आल्या. पाळणा एकच, त्यामुळं एकापाठोपाठ एक दोघांना घालायचं ठरलं. रीत अशी, की आई पाळण्याच्या एका बाजूला आणि दुसरी बाई पलीकडं. बाळाला पाळण्याखालून पलीकडं द्यायचं, वरून परत घ्यायचं, असं करून मग आत निजवायचं. पलीकडं हौसाक्का होती. गावाकडं तिला कुणी बारशाला पुढं होऊ देत नसे. तिची सावली पडेल म्हणून बाया बाळाचं तोंड पदरानं झाकायच्या. ती स्वतःच मग चुलीकडं थांबायची. माझ्या घरी ती पहिल्यांदा पाळण्याशी उभी होती, हिरव्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

थोरल्याचं झालं. हौसाक्कानं त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, अभिजित. बायांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या, हशा झाला. थोरल्याला उज्ज्वलाच्या मांडीवर दिलं आणि धाकट्याला आणलं.

खालून दिला, वरून घेतला. पुन्हा खालून दिला, वरून घेतला. तो माझ्या हातात असताना आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या,

“आता हौसाकडं दे, आणि तिकडंच राहू दे. हौसा, पदर पुढं कर.”

बायांची कुजबुज थांबली. सगळ्यांना समजलं. भावजी दारात टोपी हातात घेऊन उभे होते. माझा नवरा भिंतीला टेकून पायाकडं बघत होता.

माझे हात पुढं जाईनात.

“दे, शालन,” आत्याबाई म्हणाल्या.

“मी न्हाई देणार.”

आवाज इतका बारीक निघाला, की इतर दिवशी मागाच्या खटखटाटात तो माझा मलाही ऐकू आला नसता. पण माग बंद होते. दारातल्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

“चार झाली तुला!” आत्याबाई उसळल्या. “चार! आणि तिची कूस बघ. घरातल्या घरात तर द्यायचंय. कुठं परक्याला द्यायचंय? उद्या तिच्या डोक्यावर सवत आली, तर ते पाप कुणाचं? तुझं!”

मी धाकट्याला आवळून धरलं. तो रडायला लागला. होय म्हणवेना, आणि पुन्हा नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं.

“इकडं दे,” पलीकडून हौसाक्का म्हणाली.

मी वर पाहिलं. तिनं पदर पुढं केला नव्हता. दोन्ही हात पुढं केले होते.

“दे मला त्याला, शालन.”

तिचा आवाज ऐकून धाकट्यानं मान वळवली. त्या वेळी तिच्या डोळ्यांत मला काय दिसलं ते मी आजही सांगू शकणार नाही. इतके दिवस ज्या हातांवर विसंबून मी झोपले होते, तेच हात होते, एवढं खरं. मी पाळण्यावरून वाकले आणि पोर तिच्या हातात दिलं.

आत्याबाईंनी सुस्कारा सोडला, नारळ-तांदळाचं सूप पुढं ओढलं. भावजींचा हात डोळ्यांकडं गेला.

हौसाक्कानं त्याला छातीशी धरलं, पाठीवर दोनदा थोपटलं. तो गप्प झाला. मग ती पाळण्याला वळसा घालून माझ्या बाजूला आली.

“खाली बस,” ती मला म्हणाली.

मी बसले. तिनं धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवलं. उज्ज्वलाच्या मांडीवरचा थोरला उचलला आणि त्यालाही त्याच्याशेजारी ठेवला. माझ्या पदराचं टोक घेऊन दोघांवर पांघरलं. आणि उभी राहिली.

“ह्या घरात एकीचं पोर जाणार हुतं,” ती म्हणाली, “आणि एकीला पोर येणार हुतं. दोघींतल्या एकीला तरी कुणी इचारलं का?”

तिनं माझ्याकडं बोट केलं.

“हिला मी सकाळी इचारलं. हिला कुणी इचारलं न्हवतं. आणि मला तर आज सकाळी न्हाणीत कळलं.” ती दाराकडं वळली. आमच्या घरात ती भावजींशी चारचौघांत कधी बोललेली मी पाहिली नव्हती. “तुम्ही भावाला इचारलं, आईला इचारलं. मी तुमच्या घरात हुते न्हवं? माझ्यासाठी मागायचं, ते मला इचारून मागायचं.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी…” आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. “बरं! नको तर नको. मग उद्या त्याचं दुसरं लगीन लावते. बसशील का चूल धरून?”

“त्यास्नी करायचं असंल तर त्यांनी सांगावं,” हौसाक्का म्हणाली. “त्यांच्या तोंडानं. मी ऐकायला उभी हाय.”

सगळ्यांचे डोळे भावजींवर. ते तिच्याकडं बघत राहिले, जणू आजच बघतायत. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि चालते झाले.

हौसाक्काचा चेहरा पांढरा पडला. पण क्षणभरच. तिनं पदर खोचला आणि बायांना म्हणाली, “बसा की गं, उठला का? पाळणा अर्धा राहिलाय. घुगऱ्या गार व्हायला लागल्यात.”

तिनं धाकट्याला पाळण्यात निजवलं, वाकून त्याच्या कानाला तोंड लावलं. नाव आम्ही आधी ठरवलं नव्हतं. भावजी सांगणार होते, असं मला मागाहून कळलं.

“रणजित,” ती म्हणाली. सरळ होऊन बायांकडं वळली. “मुठीएवढा हुता, तरी हारला न्हाई.”

तिच्या पाठीवर थाप मारायला पहिल्यांदा कुणाचा हात उठेना. मग माझा नवरा भिंतीपासून पुढं आला. पुरुषमाणूस बारशात असं कधी पुढं येत नाही. त्यानं वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि मग बायांच्या थापा पडल्या, इतक्या की तिला पाळण्याची दोरी धरावी लागली.

दुपारी बाया गेल्या. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. सदाशिव भावाला शोधायला बाहेर पडले होते. आम्ही दोघी घड्या घालत बसलो. ती पिवळी कुंची घडी करता करता हौसाक्कानं मांडीवर ठेवली आणि तिथंच राहू दिली.

“आक्का,” मी विचारलं, “तुम्हाला नको होता तो?”

“नको कसा हुईल?” ती लगेच म्हणाली. “इतका पाहिजे हुता की सकाळी तुझ्या हातातनं पंचा घ्यायला हात उचलंना माझा. वाटलं, तसाच गुंडाळावा आणि मागल्या दारानं वाट धरावी.”

“मग?”

तिनं कुंचीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली.

“मला पोर मिळालं असतं, शालन. पण जाऊ गेली असती. तू माझ्याकडं परत कधी सरळ बघितलं नसतंस. आणि ते पोर मोठं झालं की एक दिवस इचारणार, भावाला ठेवलं आणि मलाच का काढलं? त्येला काय सांगायचं मी? मला लागत हुतं म्हणून?” तिनं नाडी पुन्हा बोटाला गुंडाळली. “लागण्यापायी मागून आणायला ते काय ताक-विरजण हाय?”

मला रडू फुटलं. ती रडली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “गप. दूध आटंल. दोघांस्नी पाजायचंय तुला.”

“आणि भावजी?”

“येतील,” ती म्हणाली. मग, “न्हाईतर न्हाई येणार.” आणि पुढचं दुपटं उचललं.

दिवस कलायच्या सुमारास दोघं भाऊ आले. सदाशिवना ते एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेले सापडले होते. गावाची गाडी दोनदा समोरून गेली, म्हणे, तरी उठले नव्हते. भावजी उंबऱ्यातच बसले. पाणी मागितलं. हौसाक्का आतून तांब्या घेऊन आली, ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

आत्याबाई उठून बसल्या. “केरबा, ऐक माझं. उद्याच निरोप धाडते त्या पोरीच्या बाकडं…”

“आई,” भावजी म्हणाले, “गप बस.”

मी लग्न होऊन आल्यापासून भावजींनी आईला उलट बोललेलं ऐकलं नव्हतं.

“लगीन झालंय माझं,” भावजी म्हणाले. “एकदा.”

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, सगळा संपवला. मिशा पुसल्या. मग हौसाक्काकडं न बघता विचारलं, “अजून किती दिवस ऱ्हावं लागंल तुला हितं?”

“दात येईस्तोवर,” ती म्हणाली. “तवर हिला एकटीला झेपायचं न्हाई.”

“बरं.” त्यांनी रिकामा तांब्या तिच्याकडं सरकवला. “गुरांचं बघंन मी. भाकरीबी जमंल.”

“तुमास्नी?”

“शिकंन की.”

हौसाक्का तोंडावर पदर धरून आत पळाली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. भावजी उठले, पहिल्यांदाच त्या खोलीत गेले आणि पाळण्यापाशी वाकून दोघांना बघत बसले. थोरला कुठला नि धाकटा कुठला, ते त्यांना ओळखता येईना. उज्ज्वलानं शिकवलं.

हौसाक्का दोघांना चार-चार दात येईपर्यंत राहिली. भावजी अधूनमधून यायचे, करपलेल्या भाकरीच्या गोष्टी सांगायचे. ती गेली त्या दिवशी वीज नव्हती गेली, माग चालू होते, तरी दोघं दिवसभर रडली.

पुढं पोरं वाढली, शाळा आल्या, सुट्टीत पोरं गावी जायची, पण मागाच्या कामातून नि चार पोरांतून मला फारसं जाता आलं नाही. आत्याबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं हौसाक्कानंच केलं. त्या गेल्या, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी जरा निवांत अशी गावाला गेले. माझी जुळी तेव्हा कॉलेजात होती. रणजित भावापेक्षा बोटभर उंच झाला होता.

गाडीतून उतरले, तर थांब्यावर एक नवखी सून लहानग्याला घेऊन उभी. माहेरी निघाली होती. मला बघून म्हणाली, “कुणाच्यात आलाय, मावशी?”

“सदाशिवच्या घरची मी. इचलकरंजीची.”

तिला ओळख पटेना. मी केरबाभावजींचं नाव सांगितलं. तरी ती विचारात.

“केरबा म्हंजे…” आणि एकदम तिचा चेहरा उजळला. “म्हंजे हौसाक्काच्या घरात?”

“तुम्हाला ठाऊक आहेत त्या?”

“ठाऊक काय म्हणताय! आमच्या गावात पोर झालं की पैलं न्हाऊ त्यांच्याच हातनं. दुसऱ्या कुणाच्या हातात देत न्हाईत म्हाताऱ्यासुदिक. हे माझं आठव्यात झालं. डॉक्टरनं हात टेकले हुते. महिनाभर त्यांनी छातीला धरून ठेवलं. बघा की आता!” तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि बाळाचं मनगट माझ्यापुढं धरलं. “तुम्ही कोण त्यांच्या?”

रस्त्याच्या पलीकडं माझ्याबरोबर आलेला रणजित पिशव्या उचलत होता. मी तिचं बाळ हातात घेतलं.

“जाऊ,” मी म्हणाले. “मी हौसाक्काची जाऊ.”